‘पाणी फोडूया’... पण मला विचारलंत?

बाळंतपणाची तयारी मी अगदी प्रोजेक्ट प्लॅनसारखी केली होती. बॅग भरलेली, मॅटर्निटी लीव्ह मंजूर, नवऱ्याच्या मोबाइलमध्ये हॉस्पिटलचा नंबर सगळ्यात वर. आणि डोक्यात सिनेमातला सीन पक्का : हिरोइन भर बाजारात उभी, अचानक पाणी जातं, मग टॅक्सी, धावपळ, आरडाओरडा!

माझं पाणी गेलंच नाही. ते फोडलं गेलं.

कळा सुरू होऊन बरेच तास झाले होते. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटरवर अडलेलं. डॉक्टर आल्या, तपासलं आणि म्हणाल्या, ‘पाणी फोडूया.’ मला नाही हं, नर्सला! ट्रेमध्ये क्रोशाच्या सुईसारखा लांब प्लॅस्टिकचा हुक दिसला आणि मी डोळे गच्च मिटले.

दुखलं का? फोडताना नाही. पाणमोटीच्या पडद्याला वेदना कळतच नाही. नकोसं वाटतं ते आतून तपासणं. मग कोमट पाणी वाहायला लागलं. मला वाटलं, बादलीभर गेलं! खरं तर दिवस भरताना पोटात साधारण अर्धा-पाऊण लिटर पाणी असतं आणि तेही एकदम सगळं जात नाही.

खरी गंमत पुढे. इतका वेळ बाळाच्या डोक्यापुढे पाण्याची उशी होती, ती गेली. आता डोकं थेट पिशवीच्या तोंडावर दाबायला लागलं. कळा अशा काही वाढल्या की मला वाटलं, काहीतरी बिघडलंय. मी घाबरून गेले. नवरा बाहेर बाकावर. ‘आता कळा जोरात येतील, ते नॉर्मल आहे,’ एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं ना, तरी पुरलं असतं.

नंतर वाचत बसले. बाळंतपण रेंगाळलं असेल तर पाणी फोडल्याने साधारण तासभर वाचतो, पण कळा जास्त जोरात आणि जास्त दुखऱ्या होऊ शकतात, असं ब्रिटनमधली ‘नाइस’ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मात्र सगळं सुरळीत चालू असताना सरसकट प्रत्येकीचं पाणी फोडू नये, असा ‘कॉक्रेन’चा २०१३ चा आढावा सांगतो. त्यात १५ अभ्यास आणि ५,५८३ बायकांची माहिती होती. नुसतं ‘उशीर होऊ नये म्हणून’ पाणी फोडण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही (२०१८).

धोका? बाळाचं डोकं वर असताना पाणी फोडलं तर नाळ खाली घसरू शकते. मग तातडीने सिझेरियन. म्हणून आधी डोकं नीट खाली आलंय का ते बघतात आणि फोडल्यावर बाळाचे ठोके ऐकतात.

आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठेवा :

• तुम्ही पाणी कधी फोडता? सगळ्यांचंच?
• माझ्या बाबतीत कारण काय असेल? थोडं थांबलं तर?
• फोडण्याआधी मला सांगाल ना?
• तेव्हा माझं माणूस जवळ थांबू शकेल का?

माझी लेक सुखरूप आली. डॉक्टरांचा निर्णय बहुतेक बरोबरच होता, त्यावर माझा राग नाही. पण ऑफिसात साधी मीटिंग अर्ध्या तासाने पुढे ढकलायची तरी आपल्याला मेल येतो, ‘चालेल का?’ म्हणून. इथे तर शरीर माझं होतं!