पानओव्याला ओवा धरत नाही

उरणमध्ये मोरा-करंजाकडची अंगणं घ्या, नाहीतर द्रोणागिरीतल्या नव्या इमारतींच्या गॅलऱ्या; जाड, लवदार, कातरलेल्या कडांच्या पानांची एक कुंडी बऱ्याच ठिकाणी दिसते. हात लागला की ओव्याचा घमघमाट. आणि मग तोच प्रश्न: "एवढं वाढलंय, ओवा कधी धरणार?"

धरणार नाही. कितीही खत घाला. नर्सरीत ते 'ओव्याचं झाड' म्हणून विकलं जातं आणि घेणारे वर्षानुवर्षं दाण्यांची वाट पाहतात, हे आता थांबायला हवं. पानओवा (कोलियस अँबॉइनिकस) तुळस, पुदिना, सब्जा यांच्या कुळातला. मसाल्याचा ओवा (ट्रॅकिस्पर्मम अम्मी) कोथिंबीर, जिरं, बडीशेपेच्या कुळातला. राजस्थान-गुजरातेत रब्बीत पेरतात, दाणे धरले की रोप वाळून जातं. खात्री नसेल तर वाण्याकडचा चिमूटभर ओवा हिवाळ्यात कुंडीत पेरा. शेपूसारखी बारीक पानं येतील.

मग वास सारखा कसा? ओव्यात थायमॉल असतं. पानओव्यात थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल. दोन्ही रेणूंत अणू तेच आणि तितकेच, फक्त एका गटाची जागा वेगळी. अमेरिकेतल्या मोनार्डा या मधमाश्यांच्या लाडक्या रोपातही हीच द्रव्यं सापडतात. वासावरून नातं जुळवायचं तर सगळेच भाऊबंद ठरतील!

फुलं येतच नाहीत, हेही खरं नाही. जुन्या झाडाला फिकट जांभळे तुरे येतात, पण त्यांतून मसाला मिळत नाही. रोज पाणी लागतं, हा समज तर झाडाच्या जिवावर उठतो. पानं स्वतःच पाणी साठवतात. आपल्या पावसात कुंडी पागोळीखाली राहिली की मुळं कुजलीच. ती वळचणीला सरकवा, मातीत वाळू मिसळा आणि एक फांदी तोडून दुसरीकडे खोचून ठेवा. नुसती कुंडी ठेवून डासही पळत नाहीत, कारण तेल पानातच असतं, चुरगळल्याशिवाय फारसं सुटत नाही.

पानफुटीला पानओवा समजून भजी तळू नका. पानफुटीला ओव्याचा वास नसतो आणि ती खाऊन गुरांना विषबाधा झाल्याची नोंद आहे.

खोकल्यावर तान्ह्या बाळाला पानओव्याच्या पानांचा रस मधातून चाटवतात, तो मात्र ताबडतोब बंद करा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम होऊ शकतो, बाळ लुळं पडतं, श्वासही अडतो. खोकणारं तान्हं डॉक्टरांकडे न्या.