ग्रंथ वाचणें आणि ग्रंथ मानणें

पुस्तकानें माणूस बदलतो, असें म्हणण्याची एक रीत पडून गेली आहे. वाचनालयाच्या वार्षिकोत्सवांत अध्यक्ष तें म्हणतात, सभासद टाळ्या वाजवितात, आणि दुसऱ्या दिवशीं कपाटाला कुलूप पूर्ववत् लागतें. हें विधान खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तें खरें केव्हां होतें याचा विचार, वकिलाच्या संवयीप्रमाणें, पुरावा पुढें ठेवूनच करणें आम्हांस बरें वाटतें.

पहिला पुरावा दक्षिण आफ्रिकेंतला आहे. इ. स. १९०४ सालीं बॅरिस्टर मोहनदास करमचंद गांधी जोहान्सबर्गहून दर्बानला निघाले असतां त्यांचे स्नेही पोलक हे स्टेशनवर आले आणि वाटेंत वाचावयास म्हणून जॉन रस्किनचें 'अन्टु धिस लास्ट' हें लहानसें पुस्तक त्यांनीं गांधींच्या हातीं ठेविलें. प्रवास चोवीस तासांचा. पुस्तक खालीं ठेववेना, रात्रीं झोंप लागली नाहीं, आणि त्यांतील तत्त्वांप्रमाणें आयुष्य बदलावयाचें असा निश्चय होऊन गेला. असे निश्चय पुष्कळांचे होतात. सकाळच्या चहाबरोबर ते विरघळतात. येथें तसें झालें नाहीं. दर्बानपासून चौदा मैलांवर फिनिक्स येथें जमीन घेतली गेली, 'इंडियन ओपिनियन' पत्राचा छापखाना तेथें हलला, आणि सर्वांनीं श्रम करावे व निर्वाहापुरतें वेतन सर्वांस सारखें मिळावें अशी व्यवस्था ठरली. वकिलाच्या कामाचें मोल न्हाव्याच्या कामाइतकेंच, हें त्या पुस्तकांतून गांधींनीं घेतलेलें एक तत्त्व होय. आमच्या व्यवसायबंधूंपैकीं किती जणांनीं हें वाचून फीचा आंकडा एक रुपयानें तरी खालीं आणिला, हें विचारण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं!

यांत एक गोष्ट सहज नजरेआड होते. विद्यार्थिदशेंत पाठ्यपुस्तकांपलीकडे आपलें वाचन फारसें नव्हतें, असें गांधींनीं आत्मकथेंत स्वच्छ लिहिलें आहे; आणि आपल्याच मनांत खोल असलेले कांहीं विचार रस्किनमध्यें आपणांस प्रतिबिंबित झालेले दिसले, असेंही ते सांगतात. म्हणजे जमीन नांगरलेली होती. पुस्तकानें पेरणी केली. ज्यानें शेंकडों ग्रंथ वाचले, पण ज्याच्या मनाला कसलीही टोंचणी नाहीं, त्याचें रस्किन काय करणार?

रस्किनच्या लेखांची प्रथम काय गत झाली तेंही आमच्या व्यापारी वाचकांनीं ऐकण्यासारखें आहे. ते १८६० सालीं इंग्लंडांतील एका मासिकांतून निघूं लागले, तेव्हां वाचकांत इतका गहजब उडाला कीं चार लेखांनंतर मालिका आंखडती घ्यावी लागली. अपराध एवढाच कीं, शिपायानें जसा प्रसंगीं प्राण द्यावा, तसें व्यापाऱ्यानें वाईट माल विकण्यापेक्षां प्रसंगीं नुकसान सोसावें, असें त्यानें लिहिलें; नफा हें व्यापाऱ्याच्या धंद्याचें फळ असेल, पण समाजाला पुरवठा करणें हें त्याचें कर्तव्य आहे, हा त्याचा मुद्दा. लिहिणारा स्वतः मद्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा होता, म्हणून पेढीची भाषा त्यास परकी होती असें म्हणण्याची सोय नाहीं. वजनांत मारणें, जुना माल नव्या भावानें देणें, दोन वह्या ठेवणें, हीं कामें करणाऱ्याच्या घरींही ग्रंथांचें कपाट असतें, हें आम्ही जाणतों. तें पुस्तक त्या कपाटांत जावें, एवढ्यानें आमचें समाधान नाहीं.

दुसरा पुरावा घरचा आहे. मुंबईंत चर्नी रोडच्या बागेंत एक शाळकरी मुलगा नित्य वाचीत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळूसकर या शिक्षकांच्या नजरेस पडला. त्यांनीं चौकशी केली, त्यास पुस्तकें दिलीं. १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला, तेव्हां सत्काराच्या सभेंत केळूसकरांनीं स्वतः लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्यास भेट दिलें. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. तें चरित्र वाचल्यावर, बौद्ध वाङ्मयाची ओळख आपणांस कां करून दिली नाहीं, असें त्यांनीं वडिलांस एके दिवशीं विचारलेंच. ज्या समाजास गांवच्या पाणवठ्यावर मज्जाव होता, त्या समाजांतील मुलाच्या हातीं तें पुस्तक पडलें होतें. पुढें १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरांत त्यांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. भेट आणि दीक्षा यांमध्यें एकुणपन्नास वर्षें गेलीं. गांधींच्या बाबतींत जें एका रात्रींत झालें, त्यास येथें जवळजवळ अर्धें शतक लागलें. म्हणून त्या पुस्तकाचा ठसा उथळ होता असें कोणी म्हणेल काय?

केळूसकर श्रीमंत नव्हते. त्यांनीं केलें तें इतकेंच, कीं बांकावर बसलेल्या मुलास ओळखलें. आमच्या शहरांतील प्रत्येक दुकानांत, गोदामांत, वखारींत एखादा तरी पोऱ्या असा असतो, जो गिऱ्हाईक नसतां पुडी बांधण्याच्या रद्दीचा कागद वाचीत उभा राहतो आणि त्यासाठीं मालकाच्या शिव्या खातो. त्याच्या नांवानें वाचनालयाची अनामत मालकानें भरावी, आणि आठवड्यांतून एक सायंकाळ त्यास दिवेलागणीपूर्वीं मोकळें सोडावें, अशी आमची सूचना आहे. नोकर शहाणा झाला तर पगार वाढवून मागेल, अशी भीति एका सद्गृहस्थांनीं आम्हांस बोलून दाखविली. ती अगदीं बरोबर आहे, तो मागेल.