फोटो वापरल्याबद्दल नोटीस आली तर

वेबसाइटवर किंवा फेसबुकच्या पानावर टाकलेल्या एखाद्या फोटोबद्दल पैसे मागणारे पत्र बहुधा ई-मेलने येते. त्याचा साचा जवळजवळ ठरलेला असतो. वर संदर्भ क्रमांक, खाली ज्या पानावर फोटो सापडला त्याचा पत्ता आणि स्क्रीनशॉट, शेजारी मूळ फोटो, मग या वापराचा परवाना नोंदीत सापडत नसल्याचे वाक्य, आणि शेवटी रक्कम व ती भरण्याची मुदत. पाठवणारा कधी फोटो विकणारी संस्था असते, कधी छायाचित्रकाराच्या वतीने वसुली करणारी कंपनी, कधी वकील. हे पत्र म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, समन्सही नव्हे. तो एका पक्षाचा दावा आहे. म्हणून ते केराच्या टोपलीत टाकावे, असे मात्र नाही. अशा पत्रांत फोटो विनापरवाना वापरल्याची तक्रार पुष्कळदा खरी असते. मागितलेली रक्कम मात्र बऱ्याचदा वाटाघाटीची असते. तक्रार आणि रक्कम या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा करावा लागतो.

दिवसाला दहा माणसे पाहतात त्या वेबसाइटलाही पत्र कसे येते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. हे काम माणसे करत नाहीत. इंटरनेटवरची चित्रे सतत चाळून ती मूळ संग्रहाशी ताडून पाहणारे प्रोग्रॅम त्यासाठी आहेत. फोटो कडेने कापला, रंग बदलला किंवा उलटा केला, तरी तो ओळखता येतो. गेटी इमेजेस या मोठ्या फोटोसंस्थेने २०११ मध्ये पिकस्काउट ही इस्रायली कंपनी विकत घेतली, तिचा धंदा नेमका हाच होता.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र ही कलाकृती आहे, आणि फोटो काढला त्या क्षणी त्यावर हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात वर्तुळातला ‘सी’ही लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीपासून हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. परदेशी फोटोंनाही बर्न करारामुळे इथे असेच संरक्षण मिळते. फोटोत जो दिसतो तो फोटोचा मालक नसतो, हेही ध्यानात घ्यायला हवे. लग्नाच्या फोटोंसारखे जे फोटो पैसे मोजून काढून घेतले जातात, त्यांचे मात्र वेगळे आहे: उलट करार नसेल तर कायद्याने पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. कोकणातल्या एखाद्या होमस्टेच्या मालकाने छायाचित्रकाराला पैसे देऊन खोल्यांचे फोटो काढून घेतले असतील, तर त्या बिलाची प्रत पुढे फार उपयोगी पडते.

मराठी पानांवर फोटोखाली ‘साभार : गूगल’ किंवा ‘सौजन्य : इंटरनेट’ असे लिहिण्याची रीत पडली आहे. तिला कायद्यात काडीचा आधार नाही. गूगल फोटो शोधून देते, ते फोटो त्याच्या मालकीचे नसतात. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला एक निकाल या बाबतीत मुळातून पाहण्यासारखा आहे. जर्मनीतल्या एका शाळेच्या विद्यार्थिनीने स्पॅनिशच्या तासासाठी सादरीकरण केले आणि त्यात स्पेनमधल्या कोर्दोबा शहराचा फोटो वापरला. तो एका प्रवासविषयक वेबसाइटवर सर्वांना पाहता येत होता, उतरवून घ्यायला कसलीही अडकाठी नव्हती, आणि मुलीने फोटोखाली त्या वेबसाइटचे नावही लिहिले होते. शाळेने सादरीकरण आपल्या वेबसाइटवर चढवले. छायाचित्रकाराने त्या प्रवास-वेबसाइटपुरतीच परवानगी दिलेली होती. त्याने वापर थांबवण्याची आणि ४०० युरो भरपाईची मागणी केली. न्यायालयाचे म्हणणे पडले की एका ठिकाणी परवानगीने दिसणारा फोटो दुसऱ्या वेबसाइटवर नव्याने चढवायचा, तर पुन्हा परवानगी घ्यायला हवी. हा निकाल भारतावर बंधनकारक नाही, पण प्रश्न इथेही तोच आहे.

‘फेअर डीलिंग’ची सवलत भारतीय कायद्यात आहे, पण तिच्या चौकटी ठरलेल्या आहेत: संशोधनासह खासगी वापर, टीका किंवा परीक्षण, आणि चालू घडामोडींचे वार्तांकन. एखाद्या छायाचित्रकाराच्या कामाची चर्चा करताना त्याचा फोटो दाखवणे या चौकटीत बसू शकते. पावसाळी भजीच्या पाककृतीवर शोभेसाठी लावलेला भज्यांचा फोटो बसत नाही.

पत्र आल्यावर पहिली घाई होते ती फोटो पुसून टाकण्याची. फोटो काढायलाच हवा, पण त्याआधी पान जसे आहे तसे साठवून ठेवावे: स्क्रीनशॉट, फोटो चढवल्याची तारीख, फाइलचे नाव, आकार. पुढे वापर किती काळ आणि किती मोठा होता हे सांगण्याची वेळ आली, तर पुरावा हाच. शिवाय लेखातून फोटो काढला म्हणजे तो गेला, असे होत नाही. वर्डप्रेसवर चालणाऱ्या वेबसाइटमध्ये मूळ फाइल मीडिया लायब्ररीत राहते, तिच्या चारदोन लहानमोठ्या आवृत्त्याही राहतात, आणि थेट पत्ता टाकला की ती उघडते. अशा उरलेल्या फाइलवरून दुसरे पत्र येऊ शकते. फोटो काढल्याने पुढचा वापर थांबतो. झालेल्या वापराबद्दलचा दावा त्याने मिटत नाही.

त्यानंतर पाठवणारा खरा आहे का, हे पाहायचे. कॉपीराइटच्या धाकाचा फायदा भामटेही घेतात. एप्रिल २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने एका फसवणुकीबद्दल सावध केले होते: वेबसाइटवरच्या संपर्काच्या फॉर्ममधून ‘तुम्ही माझे फोटो चोरलेत, पुरावा या लिंकवर पाहा’ असे निरोप येत, आणि लिंक उघडली की संगणकात घातक प्रोग्रॅम उतरे. त्यामुळे पत्रातली लिंक न उघडता कंपनीची वेबसाइट स्वतंत्रपणे शोधावी आणि तिथल्या पत्त्यावर संदर्भ क्रमांक कळवून खात्री करावी. पैशांऐवजी भलत्याच वेबसाइटची लिंक देण्याचा आग्रह धरणारी ‘नोटीस’ही बहुधा बनावटच असते.

पत्र खरे, कंपनी खरी, तरी हक्क तिचाच असेल असे नाही. अमेरिकी छायाचित्रकार कॅरल हायस्मिथ यांनी आपले हजारो फोटो तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला लोकांच्या मुक्त वापरासाठी दिले होते. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांच्याच संस्थेला त्यांनीच काढलेला फोटो वापरल्याबद्दल १२० डॉलर मागणारे पत्र आले. पत्र अलामी या फोटोसंग्रहाच्या वतीने होते. पुढे हायस्मिथ यांनी कोर्टात धाव घेतली. फोटो सर्वांसाठी खुले केलेले असल्यामुळे त्यांचा कॉपीराइटवर आधारलेला दावा टिकला नाही. मात्र मुक्त फोटोवरही पैशांची मागणी होऊ शकते, हे त्यातून उघड झाले. चीनमधल्या व्हिज्युअल चायना ग्रुपने एप्रिल २०१९ मध्ये कृष्णविवराच्या पहिल्यावहिल्या छायाचित्रावर आपला शिक्का मारून ते विक्रीला ठेवले. त्यावरून एवढा गदारोळ झाला की कंपनीला आपली वेबसाइट काही काळ बंद ठेवावी लागली.

म्हणून पहिल्या उत्तरात काही गोष्टी मागणे रास्तच असते: छायाचित्रकाराचे नाव, फोटो काढल्याची किंवा पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याची तारीख, आणि पत्र पाठवणाऱ्याला हा हक्क कोणत्या कागदाने मिळाला याचा पुरावा. भारतात मालक किंवा ज्याला फोटोच्या वापराचा एकमेव परवाना दिला आहे तो दावा लावू शकतो. इतर अनेक विक्रेत्यांसारखा साधा परवाना असलेला लावू शकत नाही. अमेरिकेत राइटहेवन नावाच्या कंपनीने २०१० पासून वर्तमानपत्रांतल्या मजकुरावरून आणि फोटोंवरून ब्लॉगवाल्यांवर शेकडो दावे लावले. तिच्याकडे फक्त दावा लावण्याचा हक्क आहे, मजकुराची मालकी नाही, हे २०११ मध्ये कोर्टापुढे आले आणि तिचा डोलारा कोसळला. पहिले उत्तर छोटे आणि सभ्य असावे. चूक झाल्याची लेखी कबुली त्यात देऊ नये, आणि खोटे तर मुळीच लिहू नये. ‘फोटो आम्हीच काढला’ असे एकदा लिहून दिले आणि ते खोटे ठरले, की तडजोडीची वाट बंद होते.

विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणचे फोटो फुकट असतात, पण बिनशर्त नसतात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बहुतेक परवान्यांत छायाचित्रकाराचे नाव, परवान्याचे नाव आणि त्याची लिंक द्यावी लागते. ‘साभार : विकिपीडिया’ एवढ्याने भागत नाही. काही जण आपले फोटो अशा परवान्याखाली मुद्दाम पसरवतात आणि नाव द्यायला विसरलेल्यांना गाठून मोठ्या रकमा मागतात. हा परवान्यांच्या मूळ हेतूचा सरळ गैरवापर आहे. २०१३ च्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीत यावर उतारा ठेवला आहे: चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत ती सुधारली, तर परवाना आपोआप पुन्हा लागू होतो. आधीच्या आवृत्त्यांत ही सोय नाही. त्यामुळे फोटोच्या पानावर परवान्याची कोणती आवृत्ती आहे, हे नीट वाचावे.

आता रकमेकडे. फोटोमागे इतके पैसे, अशी ठरलेली भरपाई भारतीय कायद्यात नाही. दावा करणाऱ्याला आपले नुकसान किंवा वापरणाऱ्याला झालेला नफा दाखवावा लागतो. जाणूनबुजून केलेल्या वापराबद्दल कोर्ट दंडात्मक भरपाईही द्यायला लावू शकते. व्यवहारात उत्तम माप म्हणजे परवान्याची फी. तोच फोटो, त्याच आकारात, तेवढ्याच काळासाठी, वेबसाइटवर वापरायला रीतसर घेतला असता तर काय पडले असते, हे विक्रेत्याच्या वेबसाइटवर पाहता येते. त्या आकड्याचा स्क्रीनशॉट हातात ठेवूनच बोलणी करावीत. फीवर थोडी भर मागणे समजण्यासारखे आहे, कारण शोधण्याचा आणि पत्रव्यवहाराचा खर्च होतो. हजारभर रुपयांच्या परवान्यासाठी पन्नास हजार मागणे मात्र वाजवी नव्हे, आणि तसे लेखी कळवायला हरकत नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये एका हौशी माणसाने काढलेल्या स्पोर्ट्स कारच्या फोटोला व्यावसायिक छायाचित्रकारांचे दरपत्रक लावण्यास नकार दिला. वापरासाठी १०० युरो आणि नाव न दिल्याबद्दल आणखी १००, एवढ्यावर भागवले.

छायाचित्रकाराची बाजूही तितकीच खरी आहे. आषाढी वारीचे, ताडोबातल्या वाघाचे फोटो काढायला जो दिवसचे दिवस रानावनात आणि वाटेवर घालवतो, त्याचेच फोटो नाव कापून पानोपानी फिरतात. फोटोतली हक्काविषयीची माहिती मुद्दाम काढून टाकणे हा भारतात वेगळा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. कोपऱ्यातले नाव कापून फोटो वापरला असेल, तर घासाघीस न करता लवकर मिटवणेच न्यायाचे.

काही पत्रांत तुरुंगाचा उल्लेख असतो. कायद्याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सांगितले. धंद्यातल्या फायद्यासाठी उल्लंघन झाले नसेल, तर कोर्ट शिक्षा कमी करू शकते. दिवाणी बाजूला कलम ५५ मध्ये अजाणतेपणाचा बचाव आहे, पण फोटोवर कोणाचा हक्क असेल असे मानायला काहीच कारण नव्हते, हे त्यासाठी सिद्ध करावे लागते. इंटरनेटवरच्या फोटोबाबत ते कठीण. उलट दिशेचे हत्यार कलम ६० मध्ये आहे: निराधार धमक्या येत असतील, तर ज्याला त्या येतात तो स्वतः कोर्टात जाऊन त्या थांबवण्याचा हुकूम आणि भरपाई मागू शकतो. मात्र समोरच्याने वेळेत रीतसर दावा लावला, तर हे कलम लागू होत नाही. भरपाईच्या दाव्याची मुदत उल्लंघनापासून तीन वर्षे आहे. तीन लाख रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या व्यापारी वादात, तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थीकडे जावेच लागते.

परदेशातल्या मराठी मंडळांना आणि तिथे धंदा करणाऱ्यांना त्या त्या देशाचा कायदा लागतो. अमेरिकेत पहिला प्रश्न नोंदणीचा: फोटो उल्लंघनाआधी किंवा प्रसिद्धीपासून तीन महिन्यांच्या आत तिथल्या कॉपीराइट कार्यालयात नोंदलेला असेल, तर कायद्याने ठरलेली भरपाई मागता येते, ७५० ते ३०,००० डॉलर, आणि हेतुपुरस्सर उल्लंघन असेल तर १,५०,००० पर्यंत. त्यामुळे नोंदणी क्रमांक मागून घ्यायचाच. २०२२ पासून ३०,००० डॉलरपर्यंतच्या दाव्यांसाठी तिथे एक छोटे मंडळही आहे. त्याची नोटीस मिळाल्यापासून ६० दिवसांत त्यातून बाहेर पडता येते. ती नोटीस मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नसते, कारण गप्प राहिले तर निकाल एकतर्फी लागतो.

रक्कम ठरली, की पैसे पाठवण्याआधी तडजोडीचा कागद हवा. त्यात फोटोची ओळख, आजवरच्या सगळ्या वापराबद्दल छायाचित्रकारासह कोणाचाही दावा उरला नसल्याचे वाक्य, आणि या रकमेत पुढे फोटो वापरण्याचा परवाना आहे की नाही, हे स्पष्ट लिहिलेले असावे. बँक खाते पत्र पाठवणाऱ्या कंपनीच्याच नावावर आहे का, तेही पाहावे. फोटो वेबसाइट बनवून देणाऱ्याने टाकला असला, तरी दावा वेबसाइटच्या मालकावर येतो. फोटोंची जबाबदारी करारात किंवा बिलावर त्या बनवणाऱ्याने घेतली असेल, तर भरलेली रक्कम मालकाला त्याच्याकडून वसूल करता येते.