काडतुसाची पुंगळी आणि बर्फाचा कारखाना

सातपाटीला शिक्षकांबरोबरच्या एका कार्यक्रमानंतर अकरावीतील एका विद्यार्थ्याने आम्हाला प्रश्न विचारला, "एन.सी.सी.च्या शिबिरात गोळीबाराचा सराव झाला की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेतात. त्या पुन्हा भरतात का?"

या सरावात बहुधा .२२ बोअरची रायफल असते. तिच्या काडतुसात पेट घेणारे रसायन बुडाच्या कडेतच भरलेले असते आणि गोळी सुटताना ती कड चेपली जाते. त्यामुळे ती पुंगळी भंगारातच जाते. परंतु मोठ्या रायफलीच्या काडतुसात हे रसायन बुडाच्या मधोमध एका छोट्या टोपीत असते. टोपी बदलून पुंगळी पुन्हा भरता येते, आणि काही देशांत नेमबाज तसे करतातही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत. तेव्हा हा विषय आपण फळ्यावरच सोडवायचा आहे. (वाटेत काडतूस सापडले, तर त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे. ते तापवण्याचा किंवा ठोकण्याचा विचारही करू नये.)

भरण्याआधी एक अडचण येते. एका रायफलीतून उडवलेली पुंगळी दुसऱ्या रायफलीत पुष्कळदा शिरतच नाही. असे का व्हावे?

नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्यासाठी जी जागा कोरलेली असते, तिला चेंबर म्हणतात. पुंगळी चेंबरपेक्षा किंचित बारीक असते. दारू पेटली की वायूचा दाब क्षणभर वातावरणाच्या साडेतीन-चार हजार पटींपर्यंत चढतो. पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरताच ती थोडी आक्रसते. म्हणून तर ती बाहेर ओढता येते. पण मूळ मापाला ती परत जात नाही. जणू त्या चेंबरचा ठसाच तिच्यावर उमटतो. प्रत्येक चेंबर सारखे नसते, आणि अचूक नेमबाजीच्या रायफलींचे तर मुद्दाम तंग ठेवतात. साहजिकच सैल चेंबरमधून आलेली पुंगळी तंग चेंबरमध्ये अडते.

यावर उपाय म्हणजे पुंगळी पोलादी डायमध्ये दाबून बारीक करणे. मात्र डाय हव्या त्या मापाची असून चालत नाही, ती त्याहून थोडी लहानच लागते. कारण बाहेर निघताच पुंगळी पुन्हा किंचित फुलते.

हे 'किंचित' म्हणजे किती, ते वर्गात काढता येते. धातू कायमचा वाकू लागण्यापूर्वी जेवढा ताण सोसतो, त्याला यंगच्या गुणांकाने भागले की परत फिरण्याचे प्रमाण मिळते. पुंगळीच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. त्याचा यंगचा गुणांक सुमारे १,१०,००० मेगापास्कल धरू. मऊ असताना हे पितळ सुमारे १०० मेगापास्कलला नमते, ठोकून कडक झाल्यावर सुमारे ४०० ला. पुंगळीचा व्यास १२ मिलिमीटर असेल, तर पहिल्या बाबतीत ती ०.०११ मिलिमीटर परत फिरते, दुसऱ्या बाबतीत ०.०४४ मिलिमीटर. दुसरा आकडा केसाच्या निम्म्या जाडीहून मोठा आहे, आणि तंग चेंबरमधली मोकळी जागाही याच घरातली असते.

गंमत अशी, की यंगचा गुणांक ठोकण्याने जवळजवळ बदलत नाही, बदलतो तो नमण्याचा ताण. प्रत्येक वेळी फुगताना आणि दाबताना स्फटिकांतील दोषरेषा वाढतात, एकमेकींत अडकतात आणि धातू कडक होत जातो. म्हणून त्याच डायमधून काढलेली जुनी पुंगळी नव्या पुंगळीपेक्षा जाड निघते!

मऊ तांब्याच्या तारेवर हे पाहता येईल. तार पेन्सिलीभोवती काटकोनात वाकवून सोडा आणि ती किती अंश परत फिरते ते कोनमापकाने मोजा. मग ती दहा-बारा वेळा उलटसुलट वाकवून पुन्हा मोजा. शेवटी बर्नरवर लाल करा, थंड होऊ द्या, आणि आणखी एकदा मोजा. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर भांडे ठोकता ठोकता मध्येच भट्टीत तापवतात ते यासाठीच. लोखंडी हत्याराला पाणी पाजले की ते कडक होते. तांबे-पितळ मात्र लाल करून पाण्यात बुडवले तरी मऊच राहते.

आता डायमधून निघालेली पुंगळी मापाला बरोबर आहे असे समजा. मोजपट्टी ते सांगेल. पण तिच्या आत अडकून राहिलेला ताण मोजपट्टीला दिसत नाही. त्याची किंमत हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेला कळली ती पावसाळ्यात. तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या कोणी हात न लावता चिरू लागल्या. ऋतूशी संबंध दिसल्यामुळे या भेगांना इंग्रजीत 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये याचा उलगडा मांडला. घोड्यांच्या मुताशेणातून येणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसतो आणि कणांच्या सीमांवरील तांबे पोखरतो. मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया घातल्यावर येणारा गडद निळा रंग हा तांबे-अमोनियाच्या याच मैत्रीचा पुरावा. आतला ताण मग ती पोखरलेली सीमा फाडत नेतो. ताण नसेल, तर अमोनिया पितळेचे एवढे वाकडे करू शकत नाही. म्हणून कारखान्यात पुंगळीला ठरावीक उष्णता देऊन हा ताण उतरवतात. लष्करी काडतुसांच्या गळ्याजवळ दिसणारी निळसर-तपकिरी झाक ही तापवल्याची खूण.

अशी भेग फक्त पितळेलाच जाते असे नाही. सातपाटीहून जवळच तारापूरला १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. या प्रकारच्या भट्ट्यांत, जगात ठिकठिकाणी, स्टेनलेस पोलादाच्या नळांना जोडांजवळ अशाच भेगा पडत आल्या. तेथे अमोनियाचे काम गरम पाण्यातला ऑक्सिजन करतो, आणि ताण वेल्डिंगमधून येतो.

उत्तर इथवर आल्यावर तो विद्यार्थी आम्हाला गावातल्या एका बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेला. पापलेटसाठी लागणारा बर्फ तेथे अमोनियाच्या यंत्रावर तयार होतो. मिस्त्रींनी दाबमापक दाखवला. तबकडीवर 'अमोनिया' असे लिहिलेले होते आणि आतली वळवलेली नळी पोलादाची होती. साध्या दाबमापकात ती तांब्याच्या मिश्रधातूची असते. तो स्वस्तात मिळतो, आटे जुळले तर बसतोही, आणि काही दिवस बिनचूक चालतो.

"म्हणजे चिरायला लागलाय हे आधी दिसणार नाही?" मुलाने विचारले.

"नाही रे बाबा," मिस्त्री म्हणाले, "वास सुटला की मगच कळणार."