पावसाळ्यापूर्वी घराचीही पूर्वमशागत करा



रोहिणी नक्षत्रापूर्वी आपण राब भाजतो, बांधबंदिस्ती करतो, बियाणे निवडून ठेवतो, घराची कौलेही चाळतो. परंतु त्याच घरात वावरणाऱ्या आई-वडिलांच्या पायाखालची जमीन तपासावी, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. नसरापूर व त्याच्या पश्चिमेकडील भोर-वेल्हे पट्ट्यात पावसाचा जोर मोठा असतो. दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरते, घरातील फरशी ओलसर राहते. तरुण मुले नोकरीनिमित्त पुण्याकडे, शिरवळकडे जातात आणि अनेक घरांत दिवसभर वडीलधारी माणसेच असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यांत ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे.

ही चूक मीही केली आहे. घर नव्याने बांधताना न्हाणीघरासाठी गुळगुळीत, चकचकीत फरशी मीच पसंत केली. श्रावणातील एका पहाटे वडिलांचा पाय सरकला व खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. आज ते वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतात. भाताच्या खाचराकडे मात्र त्यानंतर गेलेले नाहीत. शेणाने सारवलेल्या जुन्या जमिनीवर त्यांचा पाय कधी घसरला नव्हता. म्हणूनच पुढील बाबींकडे लक्ष देण्याची विनंती आहे.

वाट तपासणे : सर्वांत महत्त्वाची वाट म्हणजे अंथरुणापासून मोरी व संडासापर्यंतची. एका रात्री वडीलधाऱ्यांच्या सोबतीने त्या वाटेने चालून पाहावे. ते कोठे अडखळतात, कोठे भिंत चाचपतात, याची नोंद घ्यावी. वाटेतील पोती, पाण्याचा पाइप, दोर, विळा-खुरपे, फाटके गोणपाट हलवावे.

फरशी : न्हाणीघरात खडबडीत पृष्ठभागाची फरशी बसवावी. झिजून गुळगुळीत झालेल्या शहाबादी फरशीला जात्याला मारतात तशी टाकी मारून घ्यावी. साबणाचे पाणी साचू नये म्हणून मोरीला योग्य उतार द्यावा. अंगणातील व परसातील शेवाळ पावसाळाभर खराट्याने घासून काढावे. झिजलेल्या तळाची चप्पल वापरू देऊ नये.

उंबरा व पायऱ्या : उंबऱ्याला आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाचा पट्टा द्यावा. पायऱ्या सारख्या उंचीच्या, साधारण १५ सें.मी. ठेवाव्यात. उतार करावयाचा झाल्यास दर १ फूट उंचीस १२ फूट लांबी धरावी. यापेक्षा तीव्र उतार ओला झाल्यावर पायरीपेक्षाही धोक्याचा ठरतो.

आधाराचा दांडा : संडास, न्हाणीघर व पायऱ्यांजवळ मुठीत सहज मावेल असा लोखंडी पाइप जमिनीपासून ८० ते ९० सें.मी. उंचीवर बसवावा. पाइपलाइनचा उरलेला पी.व्ही.सी. पाइप येथे वापरू नये. अंगाचा भार पडताच तो वाकतो. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, म्हणून दांडा लाकडी खांबाला किंवा जमिनीत काँक्रीट करून रोवलेल्या खांबाला पक्का करावा. उकिडवे बसणे जड जात असल्यास कमोडची खुर्ची घ्यावी.

उजेड व अंथरूण : या वाटेवर रात्रभर लहान एलईडी दिवा ठेवावा. वीज जाते हे गृहीत धरून उशाशी बॅटरी असावी. मण्यारीसारखे साप रात्री फिरतात, म्हणून जमिनीवर न झोपता खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे. खाटेची उंची गुडघ्याइतकी असावी. उठताना क्षणभर कडेला बसून मगच उभे राहावे. एकदम उठल्यास भोवळ येते.

औषधे : कीडनाशके घरात उघड्यावर किंवा रिकाम्या औषधाच्या बाटलीत कधीही ठेवू नयेत. अंधुक दिसणाऱ्याला दोन्ही बाटल्या सारख्याच भासतात. ती मूळ डब्यातच, घराबाहेर कुलपात ठेवावीत. मोतीबिंदूची तपासणी वेळेवर करून घ्यावी.

पडल्यास काय करावे : घाईने ओढून उठवू नये. पायावर भार देता येत नसेल, किंवा पाय आखूड वा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हाड मोडले असे समजावे. मालीश करू नये, चालवू नये. पाय आहे त्या स्थितीत आधार देऊन ठेवावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. महामार्गावरील चेलाडी फाट्यापासून आपल्या वाडीपर्यंतच्या खुणा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावाव्यात, म्हणजे शेजाऱ्यालाही रस्ता सांगता येईल.

यांतील कोणताही बदल वडीलधाऱ्यांना विचारूनच करावा. ‘मी अजून धडधाकट आहे,’ असे ते म्हणतील. अशा वेळी दांडा घरातील सर्वांसाठी आहे असे सांगावे व आपणही तो धरावा. त्यांची खाट, काठी, तांब्या नेहमीच्या जागीच ठेवावा. अंधारात माणूस डोळ्यांपेक्षा सवयीने चालतो.

यांतील बहुतेक कामे घरच्या घरी किंवा गावातील गवंडी व वेल्डर यांच्या मदतीने एक-दोन दिवसांत होतात. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी ती उरकावीत.