कर्ता की करण? फायरवॉलची कमांड लायब्ररी होते तेव्हा

मंडळी, आज आपण व्याकरणातली एक जोडी घेऊ: कर्ता आणि करण. 'विणकर मागाने चादर विणतो.' विणकर कर्ता, माग करण. सोलापुरात हे वेगळं सांगायला नको. संगणकावर मात्र हा फरक मुद्दाम घडवावा लागतो. तो कसा, ते पाहू.

फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरचा पहारेकरी. कोणतं पॅकेट आत घ्यायचं, कोणतं अडवायचं, याचे नियम लिनक्सच्या कर्नेलमध्ये असतात. २००१ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीपासून ते आयपीटेबल्स या कमांडने लिहिले जात. माणसाने कमांड द्यायची आणि पडद्यावरचं उत्तर वाचायचं.

पुढे हे काम दुसरे प्रोग्राम करू लागले. त्यांच्यासाठी टिकाऊ अशी जाहीर लायब्ररी नव्हती. मग ते कमांडच चालवत आणि तिने माणसासाठी छापलेला मजकूर वाचत. छपाईची ढब बदलली की वाचणारा फसे. शिवाय एकेक कमांड देताना दहांतला सहावा नियम अडला, तर पाच लागू, पाच बाकी. म्हणजे वेस अर्धी उघडी!

२०१४ च्या जानेवारीत, कर्नेल ३.१३ मध्ये, एनएफटेबल्स आलं. त्याची एनएफटी ही सुद्धा आधी नुसती कमांडच होती. नंतर तिच्या पोटातलं काम वेगळं काढून लिबएनएफटेबल्स ही लायब्ररी झाली. आता कमांड म्हणजे त्या लायब्ररीवरचं पातळ कवच.

यात अवघड काय? कमांड स्वतःच कर्ता असते. चूक दिसली की पडद्यावर ओरडते आणि बंद पडते. वापरलेली मेमरी परत केली नाही तरी चालतं, कारण ती संपली की ऑपरेटिंग सिस्टिम सगळं आवरते. लायब्ररीला ही मुभा नाही. ती दुसऱ्याच्या घरात राहते. ती बंद पडली तर घरमालकही बंद पडतो. म्हणून तिने चूक छापायची नाही, परत कळवायची. घेतलेली मेमरी मोजून परत द्यायची. आणि स्वतःची स्थिती इकडेतिकडे न सांडता, मालकाने दिलेल्या एकाच गाठोड्यात ठेवायची. धागा तुटला तर माग थांबतो, बरं का. कारखान्याला कुलूप लावून निघून जात नाही!

फायरवॉलडी या प्रोग्रामने २०१९ मध्ये, ०.८ आवृत्तीत, कमांड चालवणं सोडून ही लायब्ररी धरली. नियम आता जेसनच्या ठरीव साच्यात जातात, आणि एका खेपेचे नियम एकतर सगळे लागतात, नाहीतर एकही नाही.

समजा, एखाद्या इस्पितळाच्या सर्व्हरवर नियम नाकारला गेला. जुनेच नियम ठेवायचे, पुन्हा प्रयत्न करायचा, की माणसाला उठवायचं? हा निर्णय, आणि त्याची जबाबदारी, कर्त्याची. करणाने फक्त घडलं ते खरं सांगायचं. कमांडची लायब्ररी करणं म्हणजे ही जबाबदारी जिथली तिथे ठेवणं.