प्रतिज्ञेवर चालणारी परीक्षा

लेखांक ४

पर्यवेक्षक, भरारी पथक, कॅमेरे या देखरेखीच्या साधनांचा विचार आपण मागच्या लेखात केला. मोकळीक मिळाली की विद्यार्थी कॉपी करणार, हे त्या सगळ्यांचं गृहीतक. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाची ‘ऑनर सिस्टिम’ याच्या नेमक्या उलट गृहीतकावर १८४२ पासून चालत आली आहे.

थॉमस जेफरसन यांनी १८१९ मध्ये शार्लट्सव्हिल इथे स्थापन केलेल्या या विद्यापीठात सुरुवातीच्या काळात विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यातून विस्तव जात नव्हता. गणवेशापासून पहाटे उठण्यापर्यंत नियमांचा जाच होता आणि त्यावर विद्यार्थ्यांचं उत्तर दंगा हेच होतं. नोव्हेंबर १८४० मध्ये अशाच एका दंग्याच्या रात्री कायद्याचे प्राध्यापक जॉन डेव्हिस यांनी तोंड झाकलेल्या एका विद्यार्थ्याला अडवायचा प्रयत्न केला. त्यानं गोळी झाडली. दोन दिवसांनी डेव्हिस गेले. त्यांच्या जागी आलेले हेन्री सेंट जॉर्ज टकर यांनी १८४२ मध्ये एक साधा ठराव मांडला: परीक्षेत आपण कोणाचीही मदत घेतलेली नाही, असं प्रत्येकानं स्वतःच्या सचोटीला स्मरून लिहून द्यावं. नियम आणखी कडक करायची सबळ सबब हाताशी असताना विद्यापीठानं विश्वास टाकायचं ठरवलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढच्या काही दशकांत हा सगळा कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती आला. खोटं बोलायचं नाही, फसवायचं नाही, चोरी करायची नाही, एवढीच संहिता. तक्रारीची चौकशी विद्यार्थी करतात, दोन्ही बाजू विद्यार्थी मांडतात आणि निकालही विद्यार्थ्यांचंच पंचमंडळ देतं. त्यामुळे कॉपी हा प्राध्यापकांना चकवण्याचा खेळ राहत नाही. शेजारच्या बाकावर प्रामाणिकपणे पेपर लिहिणाऱ्या सोबत्याशी केलेली ती दगाबाजी ठरते. संशय येण्याआधीच कोणी आपणहून चूक कबूल केली, तर त्याला शिक्षेतून वाचण्याची वाटही या व्यवस्थेत आहे. माणसाला सुधारायची संधी असलीच पाहिजे, हे त्यामागचं तत्त्व.

खरी अडचण आली ती शिक्षेची. दीर्घकाळ या संहितेत एकच शिक्षा होती: कायमची हकालपट्टी. विश्वासघात लहान-मोठा नसतो, ही त्यामागची भूमिका. ती तत्त्वाला धरून होती, पण व्यवहारात तिचे पाय लटपटत. एका चुकीपायी वर्गमित्राचं अख्खं शिक्षण बुडवायला पंचांचं मन धजावत नसे, आणि तक्रार करायलाही अनेकजण कचरत. २००१ मध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकानं विद्यार्थ्यांचे निबंध संगणकावर ताडून पाहिले, तेव्हा उचलेगिरीची शंभराहून अधिक प्रकरणं समोर आली. २०१३ मध्ये, तक्रार झाल्यावर कबुली देणाऱ्याला दोन सत्रं बाहेर राहून परतायची मुभा मिळाली. २०२२ मध्ये झालेल्या मतदानात ८० टक्क्यांहून अधिक मतं हकालपट्टीची शिक्षा सौम्य करण्याच्या बाजूनं पडली, आणि पुढच्याच वर्षी चुकीच्या स्वरूपानुसार वेगवेगळ्या शिक्षा देणारी व्यवस्था आली.

काहींना यात संहितेचा पराभव दिसतो. मला तो तिचा विजय वाटतो. जी शिक्षा द्यायला कोणाचाच हात धजावत नाही, ती नियमाला दुबळं करते. शिवाय हा बदल वरून लादलेला नव्हता. जे ही संहिता पाळतात, त्यांनीच तो घडवला. विद्यार्थ्यांवर विश्वास टाकायचा, तर नियम घडवण्याचा आणि बदलण्याचा अधिकारही त्यांच्या हाती द्यावा लागतो. तो दिला नाही, तर उत्तरपत्रिकेवरची प्रतिज्ञा म्हणजे निव्वळ भरून द्यायचा आणखी एक रकाना.

पुढच्या लेखात: सोबत्यानं केलेली कॉपी डोळ्यांदेखत दिसली, तर ती कळवणं हे कर्तव्य मानावं का?